केस किती गळतात? कुत्र्यांच्या जाती आणि इतर पाळीव प्राणी

निशिगंध (पुणे)

नमस्कार. आमच्या घरी बऱ्याच दिवसांपासून कुत्रा आणण्याचा विचार चालू आहे आणि दर वेळी तो केसांच्या मुद्द्यावर येऊन अडतो. घर तिसऱ्या मजल्यावर आहे. दोन शयनगृहे, दिवाणखाना आणि एक चिंचोळी गॅलरी. सासूबाईंना दमा आहे. त्यांचा प्राण्यांना विरोध नाही, लहानपणी त्यांच्या घरी गुरेढोरे आणि मांजरे होती. परंतु बंद घरात पंख्याच्या वाऱ्यावर दिवसभर केस उडत राहिले तर इनहेलरचा वापर वाढेल, अशी त्यांना भीती आहे आणि ती मला रास्त वाटते.

मुलीला लॅब्रॅडॉर हवा आहे. यजमानांचे म्हणणे असे की, आखूड केसांची कोणतीही जात घेतली की प्रश्नच मिटतो. एका विक्रेत्याने शिह त्झूचे पिल्लू दाखवून "याचे केस गळतच नाहीत, ॲलर्जीवाल्यांसाठीच ही जात आहे" असे छातीठोकपणे सांगितले. ज्यांनी प्रत्यक्ष प्राणी पाळले आहेत त्यांनी जातीनिहाय अनुभव सांगावेत. कुत्रा जमणारच नसेल, तर मांजर, ससा, पक्षी यांविषयीही वाचायला आवडेल.

श्वानसखा (नाशिक)

यजमानांचा समज फार प्रचलित आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. केस आखूड असले म्हणजे ते कमी गळतात असे मुळीच नाही. किती केस गळणार, हे ते किती दाट आहेत आणि त्यांचे वाढीचे चक्र किती लवकर पूर्ण होते, यावर ठरते. लॅब्रॅडॉरचे पूर्वज कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटावर कोळ्यांबरोबर गारठलेल्या पाण्यात काम करत असत. त्यामुळे त्याच्या वरच्या राठ, किंचित तेलकट केसांखाली मऊ लोकरीचा दाट थर असतो, गोधडीला आतून अस्तर असावे तसा. यालाच डबल कोट म्हणतात. कुत्र्याच्या कातडीतल्या एकाच छिद्रातून एक जाड केस आणि त्याच्याभोवती अनेक बारीक केस बाहेर येतात. घरात कोपऱ्याकोपऱ्यांतून जे पुंजके फिरतात ते बहुतांशी या बारीक केसांचे असतात.

लॅब्रॅडॉर, गोल्डन रिट्रीव्हर आणि जर्मन शेफर्ड या तिन्ही जाती भरपूर केस गाळतात. तिघांत डावे-उजवे करायचेच झाले तर मी जर्मन शेफर्डला वरचे स्थान देईन. गोल्डनचे केस लांब असल्यामुळे ते डोळ्यांना अधिक दिसतात, पण झाडून चटकन गोळा होतात. लॅब्रॅडॉरचे आखूड केस मात्र कापडाच्या विणीत रुततात. बीगल लहान दिसतो म्हणून लोक फसतात. त्यालाही डबल कोट असतो. डाल्मेशियनला लोकरीचा थर जवळजवळ नसतो, तरी त्याचे ताठ पांढरे केस बाराही महिने गळतात आणि गडद रंगाच्या कपड्यांवर असे टोचून बसतात की, एकेक केस चिमटीने उपटावा लागतो. बॉक्सर आणि आखूड केसांचा डॅशहुंड त्या मानाने बरे. डॉबरमनही केस गाळतो, परंतु ते पुंजके करून फिरत नाहीत.

पॉमेरियन म्हणून आपल्याकडे घरोघरी जे पांढरे कुत्रे असत ते बहुतेक इंडियन स्पिट्झ. त्यांनाही दाट डबल कोट असतो. मात्र रोज विंचरून घेण्याची सवय पिल्लूपणी लावली तर मोठेपणी फार त्रास होत नाही, असा माझा अनुभव आहे.

आळसोबा (डोंबिवली)

वरच्या यादीत पग राहिला. हच कंपनीच्या २००३ सालच्या जाहिरातीनंतर शहरांत घरोघरी पग आले आणि सगळ्यांनी एकच हिशेब केला: लहान कुत्रा, आखूड केस, कमी काम. प्रत्यक्षात बदामी रंगाच्या पगला बहुधा डबल कोट असतो आणि त्याच्या आकाराच्या मानाने तो जेवढे केस गाळतो तेवढे मी दुसऱ्या कोणत्याही कुत्र्याचे पाहिलेले नाहीत. काळ्या पगांत आतला थर नसतो असे पुष्कळदा आढळते, त्यामुळे ते थोडे सुसह्य. आमचा बदामी आहे. आमच्या सोफ्याचा मूळ रंग कोणता होता, यावर घरात आता एकमत नाही.

शीतप्रदेशवासी (कॅल्गरी)

मी मूळचा साताऱ्याचा, सध्या कॅनडात आहे आणि घरी सायबेरियन हस्की आहे. त्याच्यामुळे एक गोष्ट नीट समजली, ती इथे मांडतो, कारण ती महाराष्ट्रातल्या घरांनाही लागू पडते.

केस गळण्याचा ऋतू मुख्यतः तापमानावर नव्हे, तर दिवसाच्या लांबीवर ठरतो. डोळ्यांवर पडणाऱ्या उजेडाचा काळ बदलला की शरीरातील मेलाटोनिन आणि प्रोलॅक्टिन या संप्रेरकांचे प्रमाण बदलते आणि केसांच्या मुळांना नव्या वाढीचा संकेत मिळतो. कॅल्गरीत जूनमधला दिवस सुमारे साडेसोळा तासांचा असतो आणि डिसेंबरमधला जेमतेम आठ तासांचा. हा फरक प्रचंड आहे. म्हणून आमचा हस्की वर्षातून दोनदा, विशेषतः वसंतात, अंगावरचा आतला थर जवळजवळ संपूर्ण टाकतो. त्या काळात मुठी भरभरून लोकर निघते. उरलेले महिने घर बऱ्यापैकी स्वच्छ राहते.

पुण्यात सर्वांत मोठा दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा आणि सर्वांत लहान सुमारे अकरा तासांचा. त्यातच घरात रात्री उशिरापर्यंत दिवे चालू. शरीराला ऋतूचा संकेत धूसर मिळतो आणि केस ठरावीक काळात एकदम गळण्याऐवजी वर्षभर थोडे थोडे गळत राहतात. त्यामुळे परदेशी संकेतस्थळांवर "ही जात वर्षातून दोनदाच केस टाकते" असे वाचून आपल्याकडे हिशेब करू नये.

हस्कीबद्दल कोणी विचारण्याआधीच सांगतो: केसांचा प्रश्न बाजूला ठेवला तरी पुण्या-मुंबईत हस्की पाळणे मला योग्य वाटत नाही. दिवसरात्र वातानुकूलन लावणे म्हणजे प्राण्याच्या गरजा भागवणे नव्हे.

एक अवांतर, पण याच विषयातले: लडाखमधील चांगथांगी शेळ्यांचा हाच आतला थर वसंत ऋतूत सुटू लागतो, तेव्हा तो कंगव्याने विंचरून काढतात आणि त्याचीच पश्मिना होते. आपण ज्याला कचरा म्हणून डब्यात टाकतो, तेच शेळीच्या अंगावर असले की शालीच्या मोलाचे ठरते.

निशिगंध (पुणे)

इतक्या तपशीलवार प्रतिसादांबद्दल सर्वांचे आभार. लॅब्रॅडॉरचा प्रस्ताव सध्या तहकूब झाला आहे, मुलगी नाराज आहे. आता दोन शंका. शिह त्झूचे केस खरोखरच गळत नाहीत का? आणि डबल कोट असलेल्या कुत्र्याचे केस उन्हाळ्यात मशीनने बारीक करून घेतले तर घरातले केस कमी होतील ना? शेजारच्या इमारतीतील एक कुटुंब दर एप्रिलमध्ये तसे करते.

कात्री_कंगवा (ठाणे)

माझा व्यवसाय कुत्र्या-मांजरांच्या ग्रुमिंगचा आहे, त्यामुळे या दोन्ही प्रश्नांशी रोज गाठ पडते.

पहिला प्रश्न. बहुतेक कुत्र्यांच्या केसांची वाढ काही काळ होते, मग केस विश्रांतीच्या अवस्थेत जातो आणि पुढे गळून त्याच्या जागी नवा येतो. पूडल, माल्टीज, यॉर्कशायर टेरियर, शिह त्झू, ल्हासा ॲप्सो, बिशाँ फ्रीझ या जातींत वाढीची अवस्था फार लांबते, साधारण माणसाच्या डोक्यावरील केसांप्रमाणे. त्यामुळे एका दिवशी गळणारे केस खरोखर थोडे असतात. परंतु जे गळतात ते जमिनीवर न पडता शेजारच्या लांब किंवा कुरळ्या केसांत अडकून राहतात. शिह त्झूला तर आतला मऊ थरही असतो. रोज विंचरले नाही, तर कानामागे, काखेत, मांड्यांच्या आत आणि गळपट्ट्याखाली गाठी बनतात. गाठी घट्ट होऊन कातडी ओढू लागते आणि खाली हवा पोहोचत नाही. पावसाळ्यात अशा गाठींखाली ओल राहून कातडी लाल, चिकट आणि दुर्गंधीयुक्त झालेली आम्ही सतत पाहतो. मग सगळे अंग भादरण्यावाचून इलाज उरत नाही.

थोडक्यात, लॅब्रॅडॉर घेतलात तर काम जमिनीवर असते, शिह त्झू घेतलात तर तेच काम कुत्र्याच्या अंगावर असते, आणि त्याशिवाय दर चार ते सहा आठवड्यांनी केस कापून घेण्याचा खर्च आयुष्यभर असतो. विक्रेते ही दुसरी बाजू सांगत नाहीत. घरात रोज वीस मिनिटे शांतपणे विंचरणारी व्यक्ती असेल तरच हा पर्याय घ्यावा.

दुसरा प्रश्न. डबल कोट असलेल्या कुत्र्याला मशीन लावू नये. वरचे जाड केस उन्हापासून आणि पावसापासून संरक्षण करतात. ते कापले की उन्हाची झळ थेट कातडीपर्यंत पोहोचते. केस गळणे थांबत नाही, फक्त गळणारे तुकडे आखूड होतात आणि झाडायला अधिक अवघड जातात. स्पिट्झ, हस्की, चाउ चाउ यांच्या बाबतीत कापलेले केस परत न येण्याचा किंवा महिनोन्महिने ठिगळांसारखे येण्याचा प्रकार होतो. आतला सुटलेला थर विंचरून काढला तर हवा खेळते आणि कुत्र्याला खरा गारवा मिळतो. वैद्यकीय कारणासाठी डॉक्टरांनी सांगितले तर गोष्ट वेगळी.

अवजारांविषयी एवढेच: लॅब्रॅडॉर, बीगल, पग यांच्यासाठी रबरी दात्यांचा हातमोजा किंवा ब्रश, गोल्डन, शेफर्ड, स्पिट्झ यांच्यासाठी आतल्या थरापर्यंत पोहोचणारा लांब दात्यांचा दाताळ्यासारखा कंगवा, शिह त्झू आणि पूडलसाठी बारीक तारांचा स्लिकर ब्रश आणि त्यानंतर खात्रीसाठी लोखंडी कंगवा. पात्याचे डीशेडिंग अवजार वारंवार आणि जोराने चालवले तर ते चांगले केसही तोडते, हे लक्षात ठेवावे. अंघोळीच्या आधी विंचरणे आणि नंतर ब्लोअरने पूर्ण सुकवणे, हा क्रम पाळला तर एका बैठकीत जितके केस निघतात तितके पुढे आठवडाभर घरात पडत नाहीत.

गावरान_कैवारी (औरंगाबाद)

चर्चा परदेशी जातींभोवतीच फिरत आहे. आपले गावरान कुत्रे का नको? आखूड केस, इथल्या हवेत पिढ्यान्‌पिढ्या तगलेले शरीर, आणि केसांचा त्रास लॅब्रॅडॉरच्या तुलनेत नगण्य. शिवाय कारवान, ज्याला मुधोळ हाउंडही म्हणतात, तोही आहे. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी ज्या कुत्र्यांची जोपासना केली त्यांच्या अंगावर गुळगुळीत, पातळ केस असतात. माझ्याकडे शेतावर कारवान आहेत. ओल्या फडक्याने अंग पुसले की काम झाले.

श्वानसखा (नाशिक)

गावरान कुत्र्याच्या बाजूने मीही आहे, पण "नगण्य" या शब्दाला माझी हरकत आहे. गावरान कुत्री म्हणजे एकच ठरावीक जात नव्हे. काहींना पातळ एकेरी थर असतो, तर काहींना, विशेषतः ज्यांच्यात स्पिट्झ किंवा शेफर्डचे रक्त मिसळले आहे त्यांना, चांगला जाड आतला थर असतो. पिल्लू लहान असताना हे ओळखता येत नाही, कारण पिल्लाचे मऊ केस जाऊन प्रौढ केस यायला काही महिने लागतात. म्हणून केस हाच निर्णायक मुद्दा असेल तर प्रौढ कुत्रा दत्तक घ्यावा. त्याच्या पाठीवरून, मानेवरून आणि मांड्यांवरून उलट्या दिशेने हात फिरवला की, आत लोकर आहे की नाही आणि हाताला किती केस लागतात, हे लगेच कळते.

कारवान हा धावणारा शिकारी कुत्रा आहे. केसांच्या दृष्टीने तो उत्तम, परंतु तिसऱ्या मजल्यावरील दोन शयनगृहांत त्याला ठेवायचे असेल तर रोज मोकळ्या जागेत धावायला नेण्याची तयारी हवी.

गावरान_कैवारी (औरंगाबाद)

प्रौढ कुत्र्याचा मुद्दा मान्य. कारवानबद्दलही मान्य, माझ्या शेताचा हिशेब त्यांच्या गॅलरीला लागू होणार नाही.

पशुवैद्य_पंचगंगा (कोल्हापूर)

धाग्यात केस आणि ॲलर्जी या दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्या जात आहेत, म्हणून सविस्तर लिहितो. सासूबाईंच्या दृष्टीने हाच भाग सर्वांत महत्त्वाचा आहे.

कुत्र्याची ॲलर्जी केसामुळे होत नाही. ती त्याच्या लाळेत, कातडीच्या कोंड्यात आणि मूत्रात असलेल्या काही प्रथिनांमुळे होते. त्यांतील प्रमुख प्रथिनाला कॅन एफ १ असे नाव आहे. केस हे त्या प्रथिनाचे फक्त वाहन. केस न गाळणारा कुत्राही चाटतो आणि त्याच्याही कातडीचा कोंडा पडतो. अमेरिकेत २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तथाकथित ॲलर्जीमुक्त जातींची घरे आणि इतर जातींची घरे यांतील धुळीची तुलना केली, तेव्हा या प्रथिनाच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. नेदरलँड्समधील २०१२ च्या अभ्यासात तर अशा जातींच्या केसांवर ते अधिकच सापडले. २००९ साली ओबामा कुटुंबाने मुलीच्या ॲलर्जीमुळे पोर्तुगीज वॉटर डॉग निवडला, तेव्हापासून "ॲलर्जीमुक्त जात" ही कल्पना जगभर बोकाळली. शास्त्रीय आधार मात्र तिच्यामागे उभा राहिलेला नाही.

लॅब्राडूडलची कथा याहून बोलकी आहे. १९८९ च्या सुमारास ऑस्ट्रेलियात वॉली कॉन्रॉन यांनी हवाईमधील एका अंध महिलेसाठी, जिच्या पतीला कुत्र्यांची ॲलर्जी होती, लॅब्रॅडॉर आणि पूडल यांचा संकर केला. पहिल्या वेतातील तीन पिल्लांपैकी एकाच पिल्लाचे केस आणि लाळ त्या गृहस्थांना सोसली. आईबाप तेच, वेत तेच, तरी प्रत्येक पिल्लू निराळे. पुढे या संकराचे जे बाजारीकरण झाले त्याबद्दल कॉन्रॉन यांनी स्वतःच जाहीर खंत व्यक्त केली.

गळण्याच्या आनुवंशिकतेविषयी एक व्यवहारोपयोगी खूण आहे. ज्या कुत्र्यांच्या तोंडावर ठळक मिशा, दाढी आणि भुवया असतात, उदाहरणार्थ श्नाउझर किंवा राठ केसांचे टेरियर, ते सहसा कमी केस गाळतात. या दाढीमिशांना कारणीभूत असलेल्या जनुकाचा केसांच्या वाढीच्या चक्राशी संबंध आहे. पुन्हा सांगतो, ही खूण केसांपुरती आहे, दम्यापुरती नाही.

दम्याच्या रुग्णाने आधी त्वचा चाचणी किंवा रक्तचाचणी करून कुत्र्याची ॲलर्जी खरोखर आहे का, हे ठरवावे. पुष्कळांना धुळीतील सूक्ष्म किडे किंवा बुरशी यांचे वावडे असते आणि ठपका मात्र कुत्र्यावर येतो. काहींना केवळ नर कुत्र्याच्या प्रोस्टेट ग्रंथीत तयार होणाऱ्या प्रथिनाचे वावडे असते. अशांना मादी सोसू शकते. चाचणीनंतर, जो कुत्रा आणायचा आहे त्याच कुत्र्याच्या सहवासात सासूबाईंनी निरनिराळ्या दिवशी बराच वेळ घालवावा, तोही बंद खोलीत. बागेतील भेटीवरून काहीही सिद्ध होत नाही. आणि हे सगळे त्यांच्या छातीच्या डॉक्टरांना विचारून.

आता आजारामुळे गळणाऱ्या केसांबद्दल. सर्व अंगावरून सारखे केस गळत असतील, कातडी दिसत नसेल आणि खाज नसेल, तर ते बहुधा नैसर्गिक असते. टक्कल पडणे, चट्टे, खपल्या, सतत खाजवणे, वास येणे, यांपैकी काहीही दिसले की तपासणी करून घ्यावी. शेपटीच्या मुळाशी केस गेले असतील तर पिसवांची ॲलर्जी संभवते. गोल चट्टे गजकर्णाचे असू शकतात आणि तो आजार माणसांनाही होतो. दोन्ही बाजूंनी सारखेच केस विरळ होणे, वजन वाढणे, मंदपणा येणे ही लक्षणे थायरॉइडची कमतरता सुचवतात. मादीचे केस बाळंतपणानंतर मोठ्या प्रमाणात गळतात आणि काही महिन्यांत परत येतात. त्याने घाबरून जाऊ नये.

केस हा बव्हंशी प्रथिनांचा बनलेला असतो, त्यामुळे केवळ दूध-पोळीवर वाढलेल्या कुत्र्याचे केस निस्तेज होऊन झडतात, यात नवल नाही. जवसाच्या तेलाबद्दल नेहमी विचारतात: त्यातील ओमेगा-३ चे उपयुक्त रूपात परिवर्तन करण्याची कुत्र्याची क्षमता मर्यादित असते, म्हणून माशाचे तेल अधिक उपयोगी. माणसांचा शाम्पू वापरू नये. कुत्र्याची कातडी आपल्यापेक्षा कमी आम्लधर्मी असते आणि ती कोरडी पडून कोंडा वाढतो. आणखी एक इशारा: कुत्र्याच्या गोचिडांवरील परमेथ्रिनयुक्त औषध मांजराला कधीही लावू नये. ते मांजराच्या जिवावर बेतते.

बोक्याची_आई (रत्नागिरी)

मांजरांच्या वतीने लिहिते. डॉक्टरांनी कुत्र्याबद्दल जे सांगितले ते मांजराला अधिकच लागू आहे. मांजराचे ॲलर्जीकारक प्रथिन फेल डी १ हे लाळेत आणि कातडीच्या तैलग्रंथींत तयार होते, अतिसूक्ष्म कणांवर बसून तासन्‌तास हवेत तरंगते आणि मांजर घरातून गेल्यावरही काही महिने धुळीत टिकते. स्फिंक्स जातीच्या मांजराला केस नसतात, तरी हे प्रथिन असतेच. उलट अंगावरील तेल शोषून घ्यायला केस नसल्यामुळे त्याला नियमित अंघोळ घालावी लागते. तेव्हा दम्यासाठी पर्याय म्हणून मांजर, हा विचार सोडून द्यावा.

केसांपुरते बोलायचे तर आमच्या साध्या गावठी मांजरांचे केस कुत्र्यांपेक्षा बारीक आणि हलके असल्याने ते उडून थेट कपाटाच्या वर जाऊन बसतात. पर्शियन मांजर सध्या फार लोकप्रिय आहे, पण कोकणातल्या दमट हवेत त्याच्या केसांची निगा राखणे म्हणजे पूर्ण वेळेचे काम आहे. मांजराच्या जिभेवर मागे वळलेले काटे असतात, त्यामुळे चाटताना सुटलेले केस गिळले जातात आणि त्यांचे गोळे ती ओकून टाकते. अधूनमधून झाले तर चालते. वारंवार ओकत असेल किंवा नुसतीच उबळ येऊन काही पडत नसेल, तर डॉक्टर गाठावा.

ससेहोलपट (सांगली)

नाव वाचून कळले असेलच. ससा शांत आणि निरुपद्रवी दिसतो, पण केस गाळण्यात तो कुणाला हार जात नाही. वर्षातून अनेकदा त्याचे केस बदलतात, कधी कधी तर दोनच दिवसांत पाठीवरून झुपके सुटतात. सशाला ओकता येत नाही. चाटताना पोटात गेलेले केस विष्ठेवाटेच बाहेर पडायला हवेत आणि त्यासाठी आतडी सतत हलती राहावी लागतात; म्हणून मुख्य आहार सुके गवतच हवा. सशाने अर्धा दिवस अन्नाला तोंड लावले नाही, तर ती तातडीची परिस्थिती समजावी. सशाला अंघोळ घालू नये, केस फक्त मऊ ब्रशने किंवा ओलसर हाताने काढावेत. अंगोरा ससा तर लोकरीसाठीच पोसला जातो. सदनिकेत त्याचा विचारही नको.

दम्याच्या दृष्टीने सशापेक्षा त्याच्या गवताची धूळ अधिक त्रासदायक ठरू शकते, हे कोणी सांगत नाही.

पंखपसारा (मडगाव)

पक्ष्यांबद्दल: पक्षी केस गाळत नाहीत म्हणून दमेकऱ्यांच्या घरी ते चालतात, ही समजूत धोकादायक आहे. कॉकाटील, कॉकाटू आणि आफ्रिकन ग्रे यांच्या अंगावर विशेष प्रकारची पिसे असतात, ज्यांच्या कडा सतत झिजून पांढरी भुकटी तयार होते. कॉकाटीलच्या पिंजऱ्याजवळच्या काळ्या टेबलावर बोट फिरवून पाहावे. ही धूळ आणि विष्ठेतील प्रथिने यांमुळे पक्षी पाळणाऱ्यांना फुप्फुसाचा एक विशिष्ट आजार होतो, त्याची वैद्यकात स्वतंत्र नोंद आहे. बजरिगार त्या मानाने कमी धुळीचे, पण पूर्ण निर्धोक तेही नाहीत.

पिसे बदलण्याचा काळ वर्षातून एक-दोनदा येतो. पंखांची मोठी पिसे दोन्ही बाजूंनी जोडीने गळतात, त्यामुळे उडण्याचा तोल जात नाही. या काळात पक्षी चिडका होतो आणि त्याला प्रथिने अधिक लागतात. आपला हिरवा पोपट पाळणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये गुन्हा आहे, हे बाजारात तो विकत मिळत असला तरी लक्षात ठेवावे.

निशिगंध (पुणे)

सर्व प्रतिसाद सासूबाईंना वाचून दाखवले. पक्षी आणि मांजर त्यांनी स्वतःच बाद केले. शिह त्झूचा विचार आम्ही सोडला आहे; रोज वीस मिनिटे विंचरण्याची जबाबदारी कोणी घ्यायची, या प्रश्नावर घरात जी शांतता पसरली तिच्यातच उत्तर होते. ॲलर्जीची चाचणी करून घेणार आहोत. तिचा निकाल अनुकूल आला तर एका निवारागृहातील प्रौढ गावरान मादी पाहायला जायचे ठरवले आहे. तिथले लोक तिला काही दिवस घरी ठेवून पाहू देण्यास तयार आहेत. श्वानसखांनी सांगितल्याप्रमाणे पाठीवरून उलटा हात फिरवून पाहीन.

शेवटचा प्रश्न साफसफाईचा. सासूबाई घरात असताना केर कधी आणि कसा काढावा?

आळसोबा (डोंबिवली)

या एका बाबतीत माझा अधिकार मान्य करावा. केरसुणी किंवा फुलझाडू वापरू नका. त्याने केस आणि कोंडा जमिनीवरून उचलून हवेत सोडला जातो. पंखे बंद करून आधी व्हॅक्यूम फिरवावा, हेपा गाळणी असलेला असेल तर उत्तम, आणि मग ओल्या फडक्याने लादी पुसावी. सोफ्यावरून भांडी घासण्याचा रबरी हातमोजा किंचित ओला करून एकाच दिशेने ओढला की केसांच्या वळकट्या होतात. जाड गालिचे आणि मखमली आच्छादने काढून टाकावीत, धुता येतील अशा सुती चादरी घालाव्यात. कपडे यंत्रात टाकण्यापूर्वी कोरडे असतानाच गॅलरीत झटकावेत, कारण ओला केस कापडाला आणि यंत्राच्या जाळीला चिकटून बसतो. पंख्याची पाती महिन्यातून एकदा ओल्या फडक्याने पुसावीत. सासूबाई हे सगळे चालू असताना दुसऱ्या खोलीत असाव्यात आणि त्यांच्या शयनगृहात कुत्र्याला पहिल्या दिवसापासून प्रवेश नसावा. नंतर ही सवय मोडणे फार कठीण जाते.

पशुवैद्य_पंचगंगा (कोल्हापूर)

आळसोबांच्या सूचनांना अनुमोदन. एक भर घालतो: कुत्र्याला विंचरण्याचे काम गॅलरीत, आणि सासूबाईंव्यतिरिक्त दुसऱ्या कोणी करावे. अंघोळीने अंगावरील प्रथिन कमी होते, पण काही दिवसांतच ते पूर्ववत होते. त्यामुळे केवळ ॲलर्जीसाठी आठवड्यातून दोनदा अंघोळ घालण्याचा अट्टहास करू नये, कातडी कोरडी पडून कोंडाच वाढेल. गावरान मादीला महिन्यातून एकदा अंघोळ आणि आठवड्यातून दोन-तीनदा रबरी ब्रश पुरेल. घरी आणण्यापूर्वी गोचीड, पिसवा आणि गजकर्ण यांची तपासणी मात्र निवारागृहातच करून घ्या.